इंदूबाईंच्या मुठीतली नळी

धंतोलीतल्या एका प्रसूती रुग्णालयाची प्रयोगशाळा मी सांभाळते. त्या मे महिन्यातल्या दुपारी वॉर्डात कूलर घरघरत होता. कुही गावच्या अनुसयाला मुलगी झाली होती आणि तिचा रक्तस्राव थांबत नव्हता.

रक्त गोठवणारी एन्झाइम्स एरवी रक्तात झोपलेली असतात. काचेचा नुसता स्पर्श झाला तरी पहिलं जागं होतं, ते पुढच्याला जागं करतं, आणि शेवटी थ्रॉम्बिन जागं होऊन रक्तात धाग्यांचं जाळं तयार करतं. अनुसयाच्या रक्तात जागं व्हायला काही उरलंच नव्हतं. सगळं आधीच खर्ची पडलं होतं.

तिच्या खाटेशेजारी उभं राहून मी थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं. अशी नळी तळहातात धरून ऊब द्यायची, मधूनमधून तिरपी करून रक्त गोठलंय का पाहायचं. बराच वेळ गेला. रक्त पाण्यासारखं इकडून तिकडे वाहत राहिलं. ही एन्झाइम्स भरून काढणारा प्लाझ्मा रक्तपेढीतून अजून निघायचा होता.

अनुसयाची आई, इंदूबाई, भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मॅडम, मले धरू द्या ना."

मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठ मिटली आणि नळीशी हळू बोलू लागल्या, झोपलेल्या लेकराशी बोलावं तशा.

"उठ वं माय. उठ आता."

कूलरची घरघर ऐकू येईनाशी झाली. खोलीत ओल्या लोखंडाचा वास दाटला.

त्यांनी मूठ उघडली तेव्हा त्यांचे ओठ पांढरेफटक होते. मी नळी उलटी केली.

थेंबही पडला नाही.

डॉक्टर दुर्गेशनी अनुसयाची चादर उचलून पाहिली. "थांबलं," ते म्हणाले.

होतं असं कधीकधी, असं ते नंतर सांगत राहिले. मी वाद घातला नाही. लेकीला पाजणारी अनुसया दिसली की माझे हात आपोआप जुळायचे. कोणापुढे, ते मला ठाऊक नव्हतं.

बारशाचं आवतण द्यायला इंदूबाई एका सकाळी प्रयोगशाळेत आल्या. बोटाला चिंधी होती. परवा भाजी चिरताना कापलं म्हणाल्या. तुमचे लई उपकार आहेत, असंही म्हणाल्या; उपकार तुमचेच, मी म्हटलं. बोट तपासू का विचारल्यावर त्यांनी हात पदराखाली घेतला.

"माह्यं राहू द्या. पोरगी हसून राहिली ना, बस."

त्या गेल्यावर खुर्चीच्या हातावर रक्ताचा एक थेंब दिसला. तेवढ्यात फोन आला आणि पुसायचं राहून गेलं.

संध्याकाळी निघताना मी त्याला कापूस लावला. थेंब गोठलाच नव्हता; ओघळून माझ्या मनगटावर आला.

अजून कोमट होता.