दहावा

वार्ताहराने सिनेगॉगची बेल दाबली आणि दार उघडणाऱ्या मुलीने कपाळाला हात लावला.

"शनिवारी विजेची बेल? शब्बाथला विजेला हात लावायचा नसतो! तुम्ही ज्यू ना?"

"हो... म्हणजे, घराण्याने."

ज्यू समाजाविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांची फेलोशिप त्याला मिळाली होती. समाजाविषयीची माहिती मिळायची बाकी होती. विषय मात्र झकास होता. ज्यूंच्या या प्रार्थनास्थळात नऊच पुरुष उरले होते, सामूहिक प्रार्थनेला दहा लागतात, म्हणून दर शनिवारी नऊ जण जमायचे आणि प्रार्थना अपुरीच राहायची. वाचक ढसाढसा रडणार!

तेवढ्यात सिनेगॉगची देखभाल करणारे, मुलीचे बाबा बाहेर आले. त्यांनी पाहुण्याला नखशिखान्त न्याहाळलं, "दहावा!" म्हणून आरोळी ठोकली आणि दंड धरून आत ओढलं. कैक वर्षांनी प्रार्थना पूर्ण झाली. बातमीचे तीनतेरा वाजले.

पुढच्या शनिवारी तो फक्त नऊ जण कसे दिसतात ते बघायला गेला. ते काही जमेना. तो गेला की दहा व्हायचे.

एरवी तो चौकशीच्या नावाखाली मुलीच्या चष्म्याच्या दुकानात ठिय्या देऊ लागला.

"वाचा," डोळे तपासताना ती म्हणाली.

"काय?"

"समोरची पाटी. माझ्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नाही."

"लिहिलंय हो... पण अक्षर फार बारीक आहे."

"मग नंबर वाढलाय," ती हसू दाबत म्हणाली.

फेलोशिपच्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. "बातमी कुठाय?"

"बाई, मी इथे असलो की ती खोटी ठरते."

"मग निघ तिथून! नाहीतर फेलोशिप विसर."

दुकानात तिने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ती उगीचच एक स्वच्छ भिंग पुसत राहिली. "जा तुम्ही. गेलात की बातमी खरी होईल. छान छापून येईल..."

तो गेला नाही. जे घडलं ते त्याने जसंच्या तसं लिहिलं – इथे नऊ होते, आता दहा आहेत – आणि फेलोशिपवर पाणी सोडून पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाईंचा फोन. "अरे, हे तर जास्त चांगलं आहे! पण तो दहावा तिथे का राहिला? विचार त्याला, आणि संध्याकाळपर्यंत कळव."

वार्ताहर दुकानात पेन चावत बसला. कोपऱ्यात बाबा एका चष्म्याचा स्क्रू आवळत होते. तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"मी विचारते. काय हो दहावे, का राहिलात?"

"समाजासाठी... परंपरेसाठी..."

"खरं सांग." 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"...तुझ्यासाठी."

तिचं पेन थांबलं. कान लाल झाले. "हे... हे छापायचं?"

"घरी विचारून बघ."

बाबांनी चष्मा उजेडात धरला, दांडी सरळ आहे का पाहिली आणि मान वर न करता म्हणाले,

"छापा खुशाल. माणसं मोजताना आम्ही कारण विचारत नाही."