भात खाणाऱ्या हेमराजची दुसरी बाटली

छत्तीस वर्षांचा माणूस एकाच हंगामात चेंडू दुप्पट वेळा कुंपणापलीकडे मारायला लागला, तर त्याचा अर्थ काय? सोलापूरकरांना तो अर्थ विचार न करताच कळला होता. सुई!

साल २०५८. महाराष्ट्रात व्यावसायिक बेसबॉलची लीग जोरात होती आणि सोलापूर संघाकडून खेळत होता गोंदियाचा हेमराज बिसेन. तो बॅट घेऊन उतरला की आपल्याच मैदानातले आपलेच लोक टाळ्यांच्या तालावर ओरडायचे, "सुई! सुई!" म्हणजे हा ताकदीचं औषध टोचून घेतो. पुरावा? त्याचे दंड बघा की. वय बघा. झालं.

हेमराजची मुलगी खुशाली सातवीत होती. वर्गातल्या कोणीतरी तिच्या बाकावर रंग उडवायची प्लास्टिकची पिचकारी-सुई आणून ठेवली. "बापाला दे, संपली असंल!" पोरं हसली. बाईसुद्धा हसल्या, आणि ते खुशालीला जास्त लागलं.

त्यात लीगच्या झटपट यंत्राने हेमराजच्या लघवीच्या नमुन्यावर लाल दिवा लावला. आता खरंच भीती होती. दुसरी तपासणीही तशीच निघाली तर चार वर्षांची बंदी. छत्तिसाव्या वर्षी चार वर्षं म्हणजे खेळ संपला.

पण खेळाडूचा नमुना नेहमी दोन बाटल्यांत भरतात. पहिलीत दोष दिसला, तर मोहोरबंद ठेवलेली दुसरी बाटली खेळाडूच्या डोळ्यांसमोर उघडतात. तो त्याचा हक्क. हेमराज निघाला तेव्हा खुशाली दारात बूट घालून उभी होती.

"तू काहून येऊन राहिली?"

"मला बघायचंय."

विनाचालक बस होटगी रस्त्याला लागली.  खुशालीने विचारून टाकलं.

"बाबा, तुम्ही घेतलं का?"

हेमराजचा चेहरा उतरला. हजारो लोक ओरडले तेव्हा तो एवढा हलला नव्हता.

"नाही."

"मग एवढे होमरन कसे?"

"दोन वर्षं मनगटाचं हाड नीट जुळलं नव्हतं. मोडक्या हातानं मारत होतो. यंदा जुळलं. एवढंच आहे, माय."

"हे कोणाला सांगितलं नाही?"

"कोणी विचारलं काय?"

खुशालीला विश्वास ठेवायचा होता. पण विश्वास ठेवावासा वाटणं आणि माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रयोगशाळेत लीगचे सचिव हावळेसाहेब आधीच हजर होते. छताच्या रुळावरून एक चार हातांचा यंत्रमानव सरसरत आला.

"नमस्कार. मी पारखी. कोणाचा बाप, कोणाचा चाहता, मला काही कळत नाही. मला फक्त कण मोजता येतात."

"मोज बाबा लवकर," हावळे म्हणाले. "आकडा लाल आलाच आहे. मला पाच वाजता बंदी जाहीर करायचीय."

"साहेब, निकाल आधी लिहून आणलाय होय? मग मला कशाला वीज खायला घालता?"

खुशालीला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

पारखीने मोहोर हेमराजला दाखवली, फोडली आणि नमुना यंत्रात सोडला. यंत्र गुणगुणायला लागलं. खुशाली काचेला नाक लावून उभी. "तुम्ही आत काय शोधता?"

"टेस्टोस्टेरॉन. हे एक संप्रेरक आहे (शरीरातच तयार होऊन अवयवांना निरोप देणारं रसायन). 'स्नायू वाढव' हा निरोप ते देतं. ते तुझ्या बाबांच्या अंगात असणारच. माझ्याही अंगात असतं, मला अंग असतं तर. पण कारखान्यातही ते बनतं आणि लबाड खेळाडू ते टोचून घेतात."

"मग आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं?"

"शाब्बास! सगळा घोळ इथंच आहे. दोन्ही हुबेहूब सारखी. पण दोन्ही कार्बनपासून बनतात, आणि कार्बनमध्ये दोन भाऊ असतात. एक हलका, एक जरासा जड. यांना समस्थानिकं म्हणतात (एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे अणू). जड भाऊ शंभरात एखादाच. आता सांग, आपल्या अंगात कार्बन येतो कुठून?"

"जेवणातून?"

"आणि जेवणात?"

"झाडांतून! झाडं हवेतून घेतात!"

"घेतात, पण सगळी सारखी घेत नाहीत. भात, गहू, सोयाबीन ही चिकित्सक गिऱ्हाइकं. जड कार्बन दिसला की नको म्हणतात, बराचसा बाजूला सारतात. ज्वारी, ऊस, मका यांच्या तेवढ्या खोडी नाहीत. मिळेल ते पोत्यात. म्हणून ज्वारी खाणाऱ्याच्या अंगात जड कार्बन थोडा जास्त. आणि कारखान्यातलं संप्रेरक बनतं सोयाबीनसारख्या झाडांपासून. त्याच्यात जड कार्बन कमी. म्हणजे झाडाची खूण त्याच्यावर राहतेच!"

खुशालीचे डोळे मोठे झाले. झाड मेलं, दळलं, औषध झालं, बाटलीत गेलं, तरी खूण राहिली!

पडद्यावर आकडा आला. उणे सव्वीस.

"उणे जितकं मोठं, तितका जड कार्बन कमी," पारखी म्हणाला. "सोलापूर संघातले बाकीचे बहुतेक उणे वीसच्या आसपास आहेत. झटपट यंत्र उणे पंचवीसच्या खाली लाल दिवा लावतं."

"बघा!" हावळे खुर्चीतून उठले. "पुन्हा तेच. सोयाबीन! संपलं."

हेमराज भिंतीला टेकला. खुशालीच्या कानात मैदानातली ओरड घुमली. सुई, सुई. बाबा खोटं बोलले? बसमध्ये, माझ्याकडे बघून?

आणि मग तिला पारखीचं बोलणं आठवलं. भात, गहू, सोयाबीन. एकाच दमात म्हणाला होता तो.

"थांबा!" ती ओरडली. "आम्ही भात खातो!"

"काय?"

"भात! सकाळ, दुपार, रात्र! आजी गोंदियाहून तांदूळ पाठवते. बाबांना इथली कडक भाकरी चाववत नाही. संघातले काका त्यांना भातखाऊ म्हणतात. मग बाबांचा आकडा भातासारखाच येणार ना? औषध न घेताही!"

पारखीचे चारही हात जागच्या जागी थांबले.

"हावळेसाहेब, तुमच्या झटपट यंत्राला 'बरोबर माणूस' म्हणजे काय ते शिकवायला नमुने कोणाचे दिले होते?"

"कोणाचे म्हणजे? आमच्या ऑफिसातल्या पोरांचे. इथलेच सगळे."

"म्हणजे भाकरी आणि शेंगाची चटणी. वा! मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेली माणसं मोजली, त्यांच्यावरून रेघ आखली आणि तिच्यावर धानाच्या मुलखातला माणूस तोलला. यंत्राने लबाड पकडला नाही साहेब, परगावचा पकडला."

"मग आता काय, प्रत्येकाच्या घरी जाऊन ताट बघायचं?" हावळे चिडले.

"गरज नाही. ताट त्याच्या अंगातच आहे." पारखी खुशालीकडे वळला. "शरीरात दुसरीही एक अशी गोष्ट बनते, जिच्यावर टोचलेल्या औषधाचा परिणाम होत नाही. तिला साक्षीदार म्हणू. संप्रेरक आणि साक्षीदार दोन्ही एकाच जेवणातून बनले असतील तर आकडे जवळजवळ असतील. संप्रेरक बाहेरून आलं असेल तर?"

"तर साक्षीदार वेगळा सांगेल!"

"तीनपेक्षा जास्त फरक म्हणजे धोका. माणसाला शेजाऱ्याशी नाही, त्याच्या स्वतःशीच ताडून बघायचं. पूर्ण तपासणी हीच. झटपट यंत्र स्वस्त म्हणून घेतलं, तेव्हा ती वगळली गेली."

यंत्र पुन्हा गुणगुणलं. हेमराजने मुलीचा हात धरला.  खुशालीने तो सोडला नाही.

साक्षीदार: उणे पंचवीस.

"फरक एक," पारखी म्हणाला. "दोघं एकाच चुलीवरचे. हे टेस्टोस्टेरॉन हेमराज बिसेन यांच्या अंगातच बनलेलं आहे."

हेमराज खालीच बसला आणि रडला. भर दिवसा, हावळ्यांच्या समोर. खुशालीने उडी मारली ती थेट पारखीच्या हाताला लोंबकळली.

"म्हणजे बाबांनी काहीच घेतलेलं नाही!"

"खाली उतर, हात निखळेल. आणि नीट ऐक. मी एवढंच सांगू शकतो की या बाटलीत बाहेरचं टेस्टोस्टेरॉन नाही. पुरावा जेवढं बोलतो तेवढंच मी बोलतो."

खुशालीने मान डोलावली. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा चौकोन लुकलुकला.

"रेघच चुकीची म्हटल्यावर मी संघाच्या सगळ्याच नमुन्यांचे साक्षीदार मोजायला लावले होते," पारखी म्हणाला. "एक बाटली बघा. संप्रेरक उणे चोवीस, साक्षीदार उणे एकोणीस. हा भाकरी खाणारा आहे. औषध मिसळूनही रेघेच्या वरच राहिला, म्हणून हिरवा दिवा घेऊन निवांत खेळतोय."

हावळे खुर्चीत बसले. "कोण आहे?"

"बाटलीवर नाव नसतं, क्रमांक असतो. ही पहिली बाटली. दुसरी त्याच्यासमोर उघडेल. तोवर मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही."

फाटकाबाहेर शंभरेक माणसं जमली होती. हावळ्यांनी निकाल वाचला. घशात काटा अडकल्यासारखा वाचला, पण वाचला.  मग कोणीतरी ओरडलं, "हेमराजभाऊ, एक नंबर!" आणि तेच लोक टाळ्या पिटायला लागले. संघातल्या आणखी एकाचा नमुना तपासायचाय, असं हावळ्यांनी सांगितलं मात्र, गर्दीतून लगेच आवाज आला:

"तो चेंडू फेकणारा, लातूरचा नवीन पिचर असणार बे! डोळे बघितले का त्याचे, लालभडक!"

"तोच! सुई! सु—"

"कशावरून?"

आवाज बारीक होता, पण फाटकाच्या कठड्यावर चढून आला होता. खुशाली.

"कशावरून म्हणता?" तिने पुन्हा विचारलं. "डोळ्यांवरून? काल माझ्या बाबांचे दंड बघितले, आज त्याचे डोळे. तुम्हाला काय मोजता येतं?"

ओरडणारा माणूस दाढी खाजवायला लागला. "अगं पोरी, आम्ही नुसतं म्हणलं..."

"नुसतंच म्हणता तुम्ही! दुसरी बाटली उघडू द्या. त्याने घेतलं असेल, तर मी तुमच्याआधी म्हणेन त्याला बाहेर काढा."

कोणी हसलं नाही. पुढे उभी असलेली शाळेच्या गणवेशातली एक मुलगी कठड्याजवळ आली. खुशालीच्याच वर्गातली, पिचकारीला हसलेल्यांपैकी एक. तिने थोडं घुटमळून विचारलं, "पण बाटलीत बघून ते कळतं तरी कसं?"

 खुशाली कठड्यावरून खाली उतरली, मातीत बसली आणि काडी उचलली.

"बस इथं. आधी सांग, काल तू काय जेवलीस?"