गुलालचं गिऱ्हाईक

रंकाळ्याच्या कडेनं वरात आली, हलगी कडाडली आणि माझ्या भाचीचा घोडा भर रस्त्यात नाचायला लागला.

मी कट्ट्यावर बसून बघत होते. रपेटीला निघालेली संयोगिता गुलालच्या पाठीवर ताठ बसली होती, चेहरा हसरा ठेवून. पण लगाम धरलेल्या तिच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. घोडा पुढचे पाय उचलून गिरकी घेत होता. वरातीतली पोरं शिट्ट्या मारत होती, कुणी तिच्यावरून नोट ओवाळत होतं. नवरदेवाच्या घोडीकडं कुणाचं लक्षच नव्हतं. दोघातिघांनी लगामाला हात घालायला बघितलं, तसा गुलाल आणखीच उसळला.

तेवढ्यात फेटा बांधलेला एक उंच तरुण वरातीतून बाहेर आला. तो घोड्याकडं गेलाच नाही. सरळ हलगीवाल्यापाशी गेला आणि हलगीच्या कातड्यावर त्यानं आपला तळवा ठेवला.

हलगी थांबली. गुलालही थांबला. कान टवकारून, शहाण्या पोरासारखा.

"उतरा आता," तो म्हणाला. "त्याचं काम झालं."

"मला उतरायचं नाहीये," संयोगिता म्हणाली.

"मग बसा. हलगी किती वेळ धरून ठिवायची तेवढं सांगा. तिकडं नवरा खोळंबलाय."

ती उतरली. पण उतरताना तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की मला वाटलं, ह्या पोराचं काही खरं नाही.

संयोगिता आणि तिचा थोरला भाऊ विजयसिंह माझ्याकडंच राहतात. आईवडील गडहिंग्लजला शेतावर. ती शाळेत खेळाची शिक्षिका, तो दुधाचा धंदा बघतो. लहानपणापासून घोड्याचं वेड असलेल्या ह्या पोरीनं साठवलेल्या पगारातून गुलाल आणला. विकणाऱ्यानं सांगितलं, रपेटीचा घोडा आहे. लग्नात नाचून नाचून तो हलगीला पक्का झालाय, हे सांगायचं तेवढं राहिलं. आणि कोल्हापुरात हलगी कुठं वाजत नाही? लग्न असो, कुस्तीचा निकाल असो, कुणाचा वाढदिवस असो. एकदा तर त्यानं तिला फुलेवाडीच्या नाक्यावर पाडलं, मनगट मोडलं. तेव्हापासून विजयसिंहाचं एकच पालुपद... वीक त्याला.

मला मात्र त्याला घालवायचं नव्हतं. माझ्या लहानपणी स्टेशनासमोर टांग्यांची रांग उभी असायची. ओलं गवत, चामडं, घोड्याच्या घामाचा उबदार वास. तो वास आता गावात कुठं उरला नव्हता. आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेवढा होता.

पुढच्या रविवारी तो फेटेवाला दारात उभा. फेटा नव्हता म्हणून मी आधी ओळखलंच नाही. नाव पृथ्वीराज. शाहूवाडीकडं डोंगरातलं गाव, घरची भातशेती, शिक्षण शेतीचंच, आमच्या कोल्हापुरात झालेलं. गावच्या भैरोबाच्या पालखीपुढं घोडा चालवायची रीत. जुना घोडा म्हातारा होऊन गेला होता आणि नवा शोधायचं काम गावानं ह्याच्यावर टाकलं होतं. हलगीवर नाचणारा घोडा त्यांना हवाच होता.

"विकायचा हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय," विजयसिंह म्हणाला.

"नाही," संयोगिता म्हणाली. मग थोडं थांबून, "...ठरवलं नाही अजून."

"ठरवा की. घाई न्हाय. मी बघून जातो."

त्यानं घोडा बघितला. खूर उचलून बघितले, दात बघितले, पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या रविवारी आला आणि म्हणाला, जरा रस्त्यावर चालवून बघतो. मग आला तेव्हा म्हणाला, वैरण कशी खातो ते बघायचंय. विजयसिंह मला म्हणाला, आत्ती, एवढ्या वेळात माणूस मुलगी बघून, लग्न करून मोकळा होतो. मी मेथी निवडत बसले. शेडच्या बाजूनं दोघांचं बोलणं कानावर येत होतं. ऐकायला म्हणून बसले नव्हते, पण उठलेही नाही.

एकदा ती खोगीर आवळत होती आणि तो भिंतीला टेकून उभा होता. थंडीतली सकाळ, शेजारच्या गुऱ्हाळावरून पाकाचा गोड वास येत होता.

"एक बोलू? राग येईल," तो म्हणाला.

"मग बोलूच नका."

"बोलतोच. वरातीच्या घोड्याला लगाम ताणला की नाचायचं, असंच शिकवल्यालं असतं. हलगी वाजली की तुमी घाबरून वढता. त्यो नाचतो. त्यो नाचला की तुमी आणखी वढता."

"मी घाबरते असं कोण म्हणालं?"

तो गुलालच्या आयाळीतलं एक काडकं काढून टाकत राहिला. मग तिचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत, मलाही जेमतेम ऐकू येईल असा.

"दादाला सांगू नका."

"न्हाय सांगत."

त्या दिवशी चहा तिनंच नेला. कप त्याच्या बशीत ठेवता ठेवता दोघांची नजर एक झाली आणि दोघंही एकदम चहाकडं बघायला लागली.

पण सुखाला नजर लागायची ती लागलीच. विजयसिंहानं तिला संध्याकाळी सुनावलं. हा गडी तुझ्यासाठी येत नाही, घोड्यासाठी येतो. गोड बोलून तुझं मन वळवतोय. घोडा एकदा गाडीत चढला की ह्याचं तोंड बघायला मिळायचं नाही. ती त्या रात्री जेवलीही नाही नीट.

रविवारी तिनं पृथ्वीराजला सांगितलं, शेवटचं एकदा मला बघू द्या. लगाम सैल सोडून हलगीसमोरून जायचं. जमलं तर घोडा माझा, विकायचा विषय संपला. त्यानं नको म्हटलं. ती म्हणाली, तुम्हाला घोडा हातचा जाईल म्हणून नको आहे का? त्याचा चेहरा एकदम उतरला. "चला," एवढंच म्हणाला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी साखरपुड्याची हलगी चालू होती. संयोगिता निघाली. लगाम खरंच सैल होता. गुलाल मान डोलवत हलगीपुढं आला, कान हलवले... आणि चालत राहिला. मी आणि विजयसिंह कडेकडेनं मागून चाललो होतो. इतक्यात कुणीतरी फटाक्याची माळ लावली. तिच्या मुठी आवळल्या. गुलाल मागच्या पायांवर उभा राहिला आणि गिरकी घेत रस्त्यात गेला. तिकडून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागं दोन ट्रॉल्या. पृथ्वीराज धावला, पण मध्ये माणसं होती. तो गर्दीतून ओरडत होता. "सोडा! हात सोडा!"

तिनं दोन्ही हातांतून लगाम सोडला.

घोडा जागच्या जागी थांबला. ट्रॅक्टर कचकन ब्रेक लागून हातभरावर उभा राहिला, वरचे दोन ऊस खाली पडले. गुलालनं त्यातला एक तोंडात धरला.

ती उतरून चालत परत आली, घोडा मागून ऊस चघळत. पृथ्वीराजचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती त्याच्या अगदी जवळ उभी राहिली, पण विजयसिंहाकडं बघून म्हणाली, "विकूया."

संध्याकाळी ती चहाच्या आधणाकडं बघत माझ्याजवळ उभी होती. मी विचारलं, भीतीनं विकतेस का? ती म्हणाली, नाही, आज जमलं मला. पण त्याला नाचायचंय आणि मी जन्मभर त्याला नाचू नको म्हणणार. हे काही बरं नाही, ना त्याच्यासाठी, ना माझ्यासाठी.

"मग रडतेस कशाला?"

"घोडा गेला की ते कशाला येतील, आत्ती?"

"मग ठेव की घोडा."

तिनं डोळे पुसले. "कुणीतरी यावं म्हणून जनावर बांधून ठेवायचं?"

तेवढ्यात चहा उतू गेला.

न्यायच्या दिवशी तो पिकअप घेऊन आला. आमच्याकडं जनावर देतात, दावं देत नाहीत. संयोगितानं गुलालच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या हाताला गुंडाळलं. पृथ्वीराजनं आपलं नवं दावं बांधलं. बांधताना तिच्याकडं बघितलं नाही. तिनं मात्र गुलालच्या सगळ्या खोडी मोठ्यानं सांगितल्या. फटाक्याला बिचकतो, पाण्यात पाय घालत नाही, ऊस दिसला की ऐकत नाही. तो मान डोलवत राहिला. तिनं शेवटी विचारलं, "आणखी काही विचारायचंय?"

त्यानं तोंड उघडलं. विजयसिंह शेजारी उभा होता. "न्हाय," तो म्हणाला, आणि गाडी गेली.

त्या रात्री तिच्या मोबाईलवर दोन शब्द आले, 'पोचला सुखरूप'. मग काही नाही. एक रविवार गेला. दुसराही गेला. ती फोन उलटा ठेवायची आणि परत सुलटा करायची. रिकामी शेड रोज झाडायची. आम्ही मुद्दाम तिकडं बघत नव्हतो. विकलेल्या जनावराच्या नव्या घरी लगेच जायचं नाही, ते झुरतं, ही आमच्या घरची शिस्त. त्यामुळं तिला जाण्याचंही निमित्त नव्हतं. विजयसिंह आपलं खरं ठरलं म्हणून आधी खूश होता. पण बहिणीचा चेहरा बघून त्याचंही बोलणं कमी झालं.

मग एका आडवारी, रविवार नव्हता पण शाळेला सुट्टी होती, भर दुपारी फाटकाची कडी वाजली. पृथ्वीराज. एसटीतून उतरून आलेला, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही.

विजयसिंह पायरीवरच उठून उभा राहिला. "काय पावणं? घोड्यात काय खोट निघाली काय?"

"न्हाय. घोडा झ्याक हाय. पालखीपुढं चालला, गाव खूश हाय."

"मग काय काम काढलंसा?"

संयोगिता दारात येऊन थांबली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, मध्ये घोडा नसताना.

"काम काय न्हाय," तो म्हणाला. कपाळावरचा घाम पुसला, थोडा अडखळला. "घोडा मला पहिल्याच रविवारी पटला हुता. पण येत ऱ्हायलो... आणि तुमाला वाटायला लागलं, मी घोड्यापायी येतोय. ते बरोबर न्हवतं. काम नसताना यायचं हुतं मला. म्हणून आधी घोडा नेला."

विजयसिंहानं माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या भाजीकडं बघितलं.

"एवढे दिवस लावलेत," संयोगिता म्हणाली. आवाज रागाचा होता, डोळे नव्हते.

"धीर गोळा करत हुतो. मला पण भीती वाटती की. दादांना सांगू नका."

दादा समोरच उभे होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला, पायरीवरची आपली चप्पल बाजूला सरकवली आणि आतून खुर्ची आणायला गेले.

"मग बसा की," ती म्हणाली. "घाई नसेल तर."

"न्हाय," पृथ्वीराज म्हणाला. "घाई अजिबात न्हाय."