पडद्याची गोधडी

खोटं बोलायला मला कोणी पैसे देत नाही. जे घडलं ते माझ्या ओसरीवर, माझ्या डोळ्यांदेखत घडलं. साल बहात्तर, दुष्काळाचं. गाव नेवाशाच्या अलीकडचं.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

असली घाण अंधारातच येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दिवा लावून बसावं.

आधी माझ्या नणंदेचं सांगते. रंगू. नवऱ्यानं टाकलेली. माझ्या घरी गप राहून चार घास खायचे सोडून बाई तंबू टॉकीजवाल्या भाऊसाहेबाबरोबर गावोगावच्या जत्रा हिंडायला लागली. आधी भोंग्यावर ओरडायची, "चला, चला, खेळ सुरू व्हतोय!" मग भाऊसाहेबाला कळलं, हिच्या गळ्यात एक बाई नाही, धा बाया आहेत. म्हातारी, पोर, चेटकीण... सांगाल ती.

पुढं त्यानं कुठून तरी जपानची फिल्म आणली. तिच्यात माणसंच नव्हती. काढलेली चित्रं, पण चालायची, रडायची. बशीएवढ्या डोळ्यांची एक पोर होती त्यात. बोलायची मात्र इंग्रजी. तिकडं कोणा मडमेनं तिच्या तोंडात आवाज घातलेला. आमच्या लोकांना ते काय कळणार? मग भाऊसाहेब मशीनचा आवाज बंद करायचा आणि रंगू पडद्यामागं उभी राहून त्या पोरीचं मराठीत बोलायची.

उभी कसली... चिकटलेली असायची. चित्राचं तोंड जिथं, तिथं हिचं तोंड. कापडाला ओठ लावून. आवाज पोरीच्या तोंडातूनच आला पाहिजे म्हणे.

एकदा मी मागं जाऊन बघितलं.

मांजरपाटाचा पडदा, आणि तोंडाच्या उंचीला ताटाएवढा ओला डाग. थुंकी, पानाची लाळ, ज्येष्ठमधाचा चोथा. सगळं पिवळं. वर माश्या.

"शी! रंगूवन्सं, कुत्रं तरी बरं. कापड चाटता व्हय?"

ती हसली. "वैनी, त्या पोरीला आवाज न्हाई. मी न्हाई दिला तर नुसतीच तोंड हलवीत बसंल. बघवंल तुमाला?"

"अवो, चित्र हाय ते!"

"तोंड हलतंय ना? मग आवाज पायजे."

गुण होता बाईत, ते मी नाकारत नाही. त्या फिल्ममध्ये एक तान्हं पोर रडायचं. रंगूनं ते रडणं काढलं की तंबूतल्या बाळंतिणींच्या चोळ्या भिजायच्या. पदर सावरत बाया उठून जायच्या. लोक टाळ्या पिटायचे. मला त्याचीही किळसच आली. आईच्या दुधाला फसवायचं? हा काय धंदा झाला?

मग तिचा गळा सडला. गाठ आली, पू झाला. तंबूत कोणी जवळ बसेना, इतका वास. तरी शेवटपर्यंत पडद्याला तोंड लावून उभीच. नेवाशाच्या मुक्कामी गेली.

भाऊसाहेब तिचं गाठोडं घेऊन आला. दोन पातळं आणि तो पडदा.

"आक्का, डाग काय निघंना. मी नवा घेतला. पर कापड लई चांगलं हाय, ठिवा."

दुष्काळात कापड फेकायला मी काय इनामदारीण नव्हते. सोड्यात उकळलं, दगडावर आपटलं, उन्हात टाकलं. डाग गेला. दोन्ही पातळांच्या मध्ये पडद्याचा थर घालून गोधडी शिवली.

माझ्या नातवासाठी. कानिफसाठी.

माझ्या लेकाचं, सोपानचं पहिलं पोर. अजून बसायलाही लागलं नव्हतं, पण रडणं असं खणखणीत की विहिरीवर ऐकू जायचं. बाया म्हणायच्या, "आक्का, तुमचाच गळा घेतलाय." मला त्याचा भारी गर्व.

त्या दुपारी सोपान खडीच्या कामावर गेलेला. सून चांगुणा आत भाकरी थापत होती. मी ओसरीवर रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होते. कानिफ शेजारी गोधडीवर झोपलेला.

पोर रडायला लागलं.

चांगुणा पिठाच्या हातानं धावत आली. चोळी भिजलेली.

"आत्याबाई, उचला की वो त्याला!"

मी वळून बघितलं...

पोर गाढ झोपेत होतं. तोंड मिटलेलं.

रडणं चालूच...

गोधडीतून.

मी झडप घालून पोराला उचललं. रडणं थांबलं. गोधडीला हात लावला... ओली.

"मुतलं असंल," चांगुणा म्हणाली.

लंगोट कोरडा ठाक होता. ही ओल चिकट होती. कोमट. मी हात नाकाशी नेला...

ज्येष्ठमध.

पानाची लाळ.

आणि त्याच्याखाली तो सडका वास.

मी गोधडी कुंपणावर फेकली आणि कातडी सोलवटेपर्यंत राखेनं हात घासले.

"पडद्यावालीचा आवाज हाय ह्यो," चांगुणा म्हणाली.

"गप बस. मेलेल्या बाईला कोण काम देतंय?"

तेवढ्यात कानिफ जागा झाला. भुकेला होता. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, तोंड वासलं...

आवाज नाही.

काहीच नाही. नुसतं तोंड हलतंय. मशीनचा आवाज बंद केल्यावर ती बशीडोळी पोर दिसायची तसं.

मग पापणी लवायच्या अंतरानं, कुंपणावरून... त्याचं रडणं आलं.

ओठ आधी. आवाज मागून.

मी विळी घेऊन धावले. चांगुणानं माझे पाय धरले. "फाडू नगा! माझ्या लेकराचा आवाज हाय त्यात! जवळ असू द्या, घाण तर घाण, मी धुवीन रोज!"

"असली लाळ माझ्या नातवाच्या अंगाला? मुका ऱ्हायला तरी चालंल मला!"

"तुमाला चालंल! आई मी हाय त्याची!"

तिला ढकलून मी गोधडी मांडीवर ओढली, शिवण उसवली. पडद्याचा थर वर आला.

डाग परत आला होता. पिवळा, ताटाएवढा. मधोमध कापड आत जात होतं... बाहेर येत होतं... आत जात होतं.

पलीकडून ओठ लावल्यासारखं.

पलीकडं माझीच मांडी होती.

"रंगूवन्सं," मी म्हणाले. "माझ्या घरचं मीठ खाल्लंय तुमी. सोडा पोराला. त्याला त्याचा आवाज हाय."

कापड थांबलं.

मग ते हसणं आलं. पडद्यामागचं.

"तोंड हलतंय ना, वैनी..."

चुलीत घालायचं मन झालं नाही, चूल माझी सोवळी. उकिरड्यावर नेलं, रॉकेल ओतलं, काडी लावली. पेटताना ते कापड माझ्या कानिफच्या आवाजात रडलं. चांगुणा मागं उभी राहून दोन्ही हातांनी छाती दाबत होती. धुराला गळ्यातल्या पुवाचा वास होता.

विझलं. सगळं शांत झालं.

पोरानं तोंड उघडलं. चांगुणानं डोळे घट्ट मिटून घेतले...

आणि ते रडलं. खणखणीत. विहिरीवर ऐकू जाईल असं.

चांगुणानं त्याला पदराखाली घेतलं आणि देवाला हात जोडले. मी नाही जोडले. तिनं पोराचं रडणं नुसतं ऐकलं होतं. मी तोंडाकडं बघितलं होतं.

आता कानिफ शाळेत जातो. बडबड्या आहे, मास्तर कौतुक करतात. सोपान म्हणतो, "आई, तुजे डोळे गेलेत." चांगुणा माझ्याशी या विषयावर बोलतच नाही. मी पोराशी बोलताना नजर त्याच्या कपाळावर ठेवते. ओठांत आणि आवाजात आधी पापणी लवण्याएवढंच अंतर होतं.

परवा भर उन्हातून आला, समोर उभा राहिला. चुकून माझी नजर खाली गेली. ओठ हलले. ओठांवरूनच कळलं, म्हणून मी तांब्या दिला. त्यानं तोंडाला लावला, घटाघटा प्यायला लागला.

तांब्या तोंडालाच होता...

तेव्हा आवाज आला.

"आजी, पाणी दे."

मी तांब्या घेतला आणि राखेनं घासत बसले. बोलले असते, तर त्यानं उत्तर दिलं असतं.

आणि मला ते यायची वाट बघावी लागली असती.