पॉलिश पेपर मारलेला दात

त्याचा पुढचा दात माझ्याच दवाखान्याच्या दाराने पाडला, हे मी आधीच कबूल करते. पण पुढे त्या दाताचं जे वाटोळं झालं, ते सर्वस्वी त्याचं कर्तृत्व!

दार फुगून महिनाभर अडत होतं. सुतार येऊन बाहेर उकिडवा बसलाय आणि बिजागरी बघतोय, हे मला कुणी सांगितलंच नाही. मी आतून वैतागून खांद्याने धक्का दिला. दार उघडलं. समोर एक सावळा, दणकट माणूस तोंडावर हात धरून बसला होता आणि पायरीवर त्याचा दात पडला होता… मुळासकट.

"वरच्या बाजूने धरा," त्याला खुर्चीत बसवून, दात धुऊन त्याच्याच हातात देत मी म्हणाले. "मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे. दोन मिनिटांत परत बसवते."

इंजेक्शन भरून वळते, तर हा खिशातल्या पॉलिश पेपरने दाताचं मूळ घासत होता. अगदी मन लावून!

"अहो! काय करताय?"

"बुळबुळीत लागत होतं, मॅडम," सुजल्या ओठाने तो म्हणाला. "गुळगुळीत वस्तूला काही चिकटत नाही. जरा खरखरीत केली की सरस घट्ट धरतो."

मी कपाळाला हात लावला. "दात सरसाने चिकटवलेला नसतो! तुम्ही जे घासून काढलंत ना, ते धागे होते. बारीक, जिवंत, हजारो धागे. दात आणि हाड यांच्या मध्ये तेच असतात. दात त्यांच्यावर तोललेला असतो, म्हणून तर चावताना हाडाला दणका बसत नाही…"

त्याने एकदा दाताकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "म्हणजे दार आणि चौकटीत जरा फट सोडतो, तसं? हलायला जागा?"

आपण इतकं चिडलेलो असताना समोरच्याला मुद्दा नेमका कळावा, यासारखं चीड आणणारं काही नसतं. त्यात ते डोळे… जाऊ दे.

दात बसवून शेजारच्या दातांना तारेने बांधला. "थोडे धागे वाचले असतील तर टिकेल. नाहीतर हाड त्याला थेट धरेल आणि मग हळूहळू मूळच खाऊन टाकेल. पुढच्या बुधवारी दाखवायला या."

तो आला. त्याच्या पुढच्या बुधवारीही आला. एकदा तर ओठांत चार स्क्रू धरूनच आत शिरला!

"तोंडात स्क्रू? या दातावर?"

"दातात नाही, मॅडम… ओठांत आहेत."

महिन्याने तार काढली, तरी बुधवार चुकले नाहीत. आणि ते दार! दर बुधवारी तो ते नीट करून जायचा आणि दर गुरुवारी ते पुन्हा अडायचं. रिसेप्शनवरच्या काकू छताकडे बघत म्हणायच्या, "इतका हुशार सुतार, पण एक दार काही होईना बाई!"

चौथ्या महिन्यात मी आरशाच्या दांड्याने शेजारचा दात ठोकला. ठप. धागे शाबूत असले की असाच मऊ आवाज येतो. मग त्याचा ठोकला.

टण्ण.

पुन्हा ठोकला. पुन्हा टण्ण.

"मॅडम, दात आहे तो, दाराची कडी नव्हे."

"हाडाला चिकटलाय," मी म्हणाले आणि माझे डोळे भरून आले. त्याचाही मला रागच आला. "सहा वर्षं टिकेल, फार तर आठ. माझ्या दारामुळे…"

"माझ्या पेपरमुळे," तो हळूच म्हणाला. आणि मग, "म्हणजे आठ वर्षं दर बुधवारी यायचं?"

"दर बुधवारी कशाला? सहा महिन्यांनी एकदा पुरे."

"मग आत्तापर्यंत दर आठवड्याला…?"

मी ट्रे आवरायला घेतला. आवरलेलाच होता तो. "आत्तापर्यंतही… महिन्याने एकदा पुरलं असतं," मी ट्रेला सांगितलं.

तो उठला, दाराशी गेला आणि वरच्या बिजागरीतला एक स्क्रू त्याने तीन वेळा पिळला. मग एका बोटाने दार ढकललं. ते अलगद उघडलं… अलगद मिटलं.

"पहिल्याच दिवशी झालं होतं," माझ्याकडे पाठ करून तो म्हणाला. "दर वेळी जाताना हा स्क्रू ढिला करून जात होतो. तुम्ही आवडता मला. दुसरं काही सुचलं नाही."

"चार महिने! माझा खांदा काळानिळा झालाय!"

"बघू?"

"खबरदार!"

बाहेर काकूंना भलताच खोकला लागला. तो कान धरून उभा होता. आता दार नीट होतं, दाताचा निकाल लागला होता, आणि याला इथे यायला एकही कारण उरलं नव्हतं.

"रविवारी या," मी म्हणाले.

"रविवारी दवाखाना बंद असतो ना?"

"असतो. म्हणूनच सांगतेय. आणि खिसे रिकामे करून या… तो पॉलिश पेपर मला दिसता कामा नये!"

तो हसला. त्या दातासकट, तोंडभर.