कोठडीचा जिना

विटेवर थापी आपटल्याचा आवाज. टक्... टक्. कोंडीबा गवंडी पार म्हातारा झाला, तरी तो आवाज कानावर आला की हातातला घास तसाच राहायचा. दोस्त होता माझा, पोरांनो. त्यानंच सांगितलं मला. एकदाच.

चौऱ्याहत्तर सालची महाशिवरात्र. सोलापुरात जुन्या कचेरीची दगडी इमारत होती. खाली सभेचा हॉल, वर कोर्ट आणि हॉलच्या पोटात कैद्यांची कोठडी. कोठडीतून एक जिना थेट वर, आरोपीच्या पिंजऱ्यात निघायचा. कैदी हॉलमधल्या लोकांच्या नजरेला पडू नये, म्हणून बांधणाऱ्यानं केलेली सोय. कोर्ट नव्या जागी गेलं तेव्हा जिन्याची दोन्ही तोंडं विटांनी बुजवली. आता तिथं जुनी दप्तरं ठेवायची होती. खालचं तोंड फोडायचं काम कोंडीबाकडं आलं.

"आत शिरू नको बाबा," चौकीदार रुद्रप्पा देवळाला निघताना म्हणाला. "बाहेर यायला वकील लागंल."

कोंडीबा हसला. अंधार पडेपर्यंत माणूस वाकून जाईल एवढं भगदाड झालं. लेक महानंदा उपासाची भगर घेऊन येणार होती. तिची वाट बघत तो हात धूत होता.

तेवढ्यात जिन्यातून हाक आली.

"बा..."

पोरगी त्याला बाच म्हणायची. अंधारात चुकून आत गेली वाटतं, म्हणून तो कंदील घेऊन धावला. जिना इतका चिंचोळा, की दोन्ही खांदे घासत होते. वळायला जागा नाही.

"तितंच थांब, माय."

"बा..." अजून वरून.

कंदील विझला. तो चढत राहिला. कपाळ विटांवर आदळलं. वरचं तोंड. बंद. तिथं कुणी नव्हतं.

आणि खालून, लांबून, अंगणातून...

"बा, भगर आणलीया. कुटं हायस?"

ही महानंदा.

मग कानाशी...

"बा."

तो पाठमोराच खाली सरकू लागला. खाली टक्... टक्. मान वळवून बघितलं, तर भगदाडातून पोरीच्या कंदिलाचा उजेड दिसत होता. तो कमी झाला. आणखी कमी. फट उरली. पायाला ओला चुना लागला. त्यानं अंग झोकून दिलं. विटा ढासळल्या.

रुद्रप्पा परतला तेव्हा बापलेक लिंबाखाली एकमेकांना चिकटून बसले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ती हाक मी लई वर्सं ऐकतोय," तो म्हणाला. "तुमच्यात बा म्हंजे बाप. आमच्या कानडीत बा म्हंजे... ये."

सकाळी तिघं कोठडीत गेले. भगदाड बुजलेलं. चुना ओला. फोडायच्या कामाला कोंडीबानं चुना आणलाच नव्हता.

"रातीतनं कुनी केलं हे?" रुद्रप्पानं विचारलं.

कोंडीबानं सांध्यावरून बोट फिरवलं. गवंडी ज्या अंगाला उभा असतो, तिथला चुना तो थापीनं पुसून घेतो. पलीकडं ओघळलेला तसाच राहतो. हा चुना ओघळला होता कोठडीकडं. त्यांच्याकडं.

त्यानं हातोडा खाली ठेवला. लेकीचा हात धरला. आणि चालू लागला.