कोरडी कॉलर

"तुझं बरंय बाई! आमच्या ह्यांची कॉलर तीनदा घासली तरी काळीच. तुझ्या मालकाला घाम येतो का नाय?"

बजाजनगरच्या नळावर साळूबाई कुरकुरली, तशा सगळ्या बाया हसल्या. दमयंतीही हसली. मग तिनं हातातला वैजनाथचा शर्ट हळूच नाकाला लावला. मे महिना, कारखान्यात भट्टीवरचं काम. बाकीच्यांच्या पाठीवर मिठाचे नकाशे उमटत. ह्याच्या शर्टाला नुसता शेवाळाचा वास.

संक्रांतीला तो दौलताबादच्या शेतातल्या विहिरीत पडला, तेव्हा ती माहेरी होती. धावतपळत आली, तर हा ओसरीवर चहा पीत बसलेला. "पाय घसरला, पाणी प्याला, निभावलं," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. सासू वच्छलाबाई तेवढी चुलीपुढून उठली नव्हती.

संशय म्हणजे ढेकूण. एक दिसला की झोप गेलीच. तिनं नवऱ्याला छावणीतल्या कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी दोघांच्या तळहातांना आयोडीन फासलं, वर पिठी भुरभुरली. "कातडीखाली बारीक नळ्या वेटोळं घालून बसलेल्या असतात, बाई. तळहाताच्या रेघारेघांवर त्यांची तोंडं. घाम आला की तिथं निळाकाळा ठिपका."

दमयंतीच्या हातावर बघता बघता खसखस सांडल्यागत ठिपके उठले. वैजनाथचा हात पिवळा तो पिवळाच.

"जन्मापासून असंय?"

"नाय. लग्नात हातात हात दिला, तवा ह्यांचाच हात माझ्याहून ओला होता."

वैजनाथ हसला. डॉक्टरांनी त्याच्या जिभेखाली थर्मामीटर धरलं, पाहिलं, झटकलं, पुन्हा धरलं. आकडा सांगितला नाही. हात मात्र साबणानं दोनदा धुतले.

दुपारी वीज गेली. पत्र्याखाली जीव शिजत होता. वैजनाथ उघड्यानं निजलेला, आणि तीन वर्षांची यमुना त्याच्या छातीला गाल लावून, माठाला बिलगावं तशी. उन्हाळाभर ती तिथंच निजायची. उन्हाळाभर वाळत चालली होती.

"बाबा गार लागतो," पोर झोपेत पुटपुटली.

दमयंती वाकली. पोरीच्या कपाळावरचा घाम त्याच्या छातीवर टपकला.

कोऱ्या माठात पाणी जिरावं, तसा जिरला.

ती दाराशी बसलेल्या सासूकडं वळली. "आत्याबाई, त्या दिवशी काय झालं?"

वच्छलाबाईनं पदर तोंडाशी धरला. "पोरीला उचल आदी."

"काय झालं?"

"तू यायच्या आदी आम्ही त्याला अंगणात आंघोळ घातली व्हती, बाई."

वैजनाथनं डोळे उघडले.

"शेवटची," म्हातारी म्हणाली.